पहिली सहा वर्षं: बालमेंदूच्या वाढीविषयी काय ठरलं, काय वादात आहे

बालपणातल्या मेंदूच्या वाढीचा विषय पूर्वी बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्राचे अभ्यासक यांच्यापुरता होता. आता तो सरकारी धोरणात आला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहा वर्षांआधी होतो असं म्हटलं आहे, आणि तीन ते आठ या वयोगटाला पायाभूत स्तर मानलं आहे. हा आकडा अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणात सांगितला जातो, खासगी नर्सरीच्या फलकांवर छापला जातो आणि तरुण आईबापांच्या मनात धास्ती बनून राहतो. मूल अडीच वर्षांचं झालं आणि अजून कुठल्या वर्गाला जात नाही, म्हणजे आपल्या हातून काही निसटलं का, असं विचारणारे पालक कोणत्याही बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात रोज भेटतात.

म्हणून या प्रश्नाचा एकदा शांतपणे आढावा घ्यायला हवा. पुरावा कुठे पक्का आहे, अभ्यासकांमध्ये खरा मतभेद कुठे आहे आणि महाराष्ट्रापुरतं पाहिलं तर काय अडलेलं आहे, हे इथे क्रमाने मांडतो.

आकड्यामागचं शास्त्र

जन्मतः बाळाच्या मेंदूचं वजन साधारण साडेतीनशे ते चारशे ग्रॅम असतं. दोन वर्षांत ते प्रौढ मेंदूच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोचतं आणि सहाव्या वर्षाच्या आसपास ९० टक्क्यांच्या घरात जातं. ८५ टक्क्यांसारखे आकडे मुळात आकारमानाच्या या वाढीशी जुळतात. आकार वाढणं आणि क्षमता पूर्ण होणं या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियोजन, संयम, निर्णय यांच्याशी संबंधित असलेला कपाळामागचा भाग विशीपर्यंत घडत राहतो. सहाव्या वर्षी मेंदूचं पंधरा टक्केच काम उरतं, असा त्या आकड्याचा अर्थ कोणी लावला तर तो चुकीचा ठरेल.

यामागे संशोधनाची आणखी दोन सूत्रं आहेत. शिकागोतले पीटर हटनलोकर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मृत व्यक्तींच्या मेंदूतल्या पेशींमधले जोड मोजले. लहान मुलांमध्ये ते प्रौढांपेक्षा कितीतरी जास्त असतात आणि वय वाढेल तसे वापरात नसलेले जोड गळत जातात, असं त्यांना दिसलं. त्याआधी डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीच्या काही आठवड्यांत बंद ठेवला. नंतर तो उघडला तरी मेंदू त्या डोळ्याकडून येणारी माहिती नीट घेईना. या कामाला १९८१ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

जोडांची गर्दी, त्यांची छाटणी आणि ठरावीक काळात मिळालाच पाहिजे असा अनुभव, या तीन गोष्टी एकत्र आल्या आणि १९९० च्या दशकात अमेरिकेत 'पहिली तीन वर्षं' हा जवळजवळ घोषणेसारखा विषय झाला. १९९७ मध्ये व्हाइट हाउसने त्यावर परिषद भरवली. पुढच्या वर्षी जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी अभिजात संगीताची ध्वनिमुद्रिका पाठवायचं ठरवलं. ज्या प्रयोगाच्या आधारावर हे झालं, तो १९९३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता. त्यात दिसलेला परिणाम एका विशिष्ट चाचणीपुरता होता आणि दहा-पंधरा मिनिटांत ओसरणारा होता. तो प्रयोग बाळांवर झालेलाच नव्हता.

या लाटेला पहिला मोठा प्रतिवाद जॉन ब्रूअर यांनी १९९९ मध्ये पुस्तक लिहून केला. त्यांचे आक्षेप आजही वाचण्यासारखे आहेत. जोड जास्त म्हणजे बुद्धी जास्त, असं कोणी सिद्ध केलेलं नाही. दृष्टीसाठी जसा ठरावीक काळ असतो, तसा वाचन किंवा गणितासाठी असल्याचा पुरावा नाही. आणि खेळणी-सोबत्यांच्या पिंजऱ्यातल्या उंदरांचे मेंदू अधिक जोडलेले आढळले हे खरं असलं, तरी तो 'समृद्ध' पिंजरा उंदराच्या नैसर्गिक आयुष्याच्या फार तर जवळ जाणारा होता. तुलना झाली ती रिकाम्या पिंजऱ्यात एकट्या ठेवलेल्या उंदरांशी. म्हणजे तो प्रयोग जादा देण्याच्या फायद्यापेक्षा हिरावून घेण्याच्या तोट्याबद्दल अधिक सांगतो.

उंदरांचे हे प्रयोग करणारे विल्यम ग्रीनो यांनीच पुढे एक भेद मांडला आणि माझ्या मते या सगळ्या चर्चेत तो सर्वांत उपयोगी आहे. काही अनुभव मेंदू गृहीतच धरून बसलेला असतो: उजेड, आवाज, माणसाचा चेहरा, बोलणं, कुशीची ऊब. हे जगातल्या कोणत्याही साध्या घरात मिळतात, आणि वेळेवर मिळाले नाहीत तर नुकसान होतं. दुसरे अनुभव संस्कृतीप्रमाणे बदलतात. सायकल, बाराखडी, पेटी, बुद्धिबळ या गोष्टी माणूस पुढे कधीही शिकू शकतो.

पहिल्या प्रकाराबाबतही दारं एकदम बंद होत नाहीत, याचा सुंदर पुरावा आपल्या देशातून आला. पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या उत्तर भारतातल्या मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या, काहींवर तर आठ वर्षांच्या वयानंतर. हाताने ओळखलेली वस्तू डोळ्यांनी ओळखणं त्यांना लगेच जमलं नाही, पण काही दिवसांतच जमू लागलं. नजरेची तीक्ष्णता कायम कमी राहिली, तरी बघायला शिकण्याची क्षमता शाबूत होती. उशीर झाला की किंमत मोजावी लागते, पण सगळं संपत नाही, इतका समतोल निष्कर्ष आज बहुतेक अभ्यासक मान्य करतात.

जिथे दुमत नाही

हिरावून घेतलं की मेंदूचं नुकसान होतं, यावर एकमत आहे. सर्वांत ठोस पुरावा रुमानियातल्या बुखारेस्टचा. चाउशेस्कू राजवटीनंतर तिथल्या अनाथालयांत हजारो मुलं पडून होती. खायला मिळे, कपडे मिळत, पण पाळ्यांनी येणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी कोणी एक माणूस त्यांचं नव्हतं. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी २००० च्या सुमारास अशा १३६ मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना पालक-कुटुंबांत पाठवलं गेलं. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धिमत्ता, भाषा आणि भावनिक ओढ सुधारली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांमध्ये हा फरक अधिक होता.

ऐकण्याचंही तसंच. जन्मतः कर्णबधिर असलेल्या बाळाला लवकर श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट किंवा खुणांची भाषा मिळाली तर भाषा बहरते. तीन-चार वर्षं वाया गेली की भरपाई फार अवघड होते. तरीही आपल्याकडे नवजात बाळाची कानांची तपासणी सरसकट होत नाही. मूल दोन-अडीच वर्षांचं होऊन बोलेना, तेव्हा शंका येते. 'याचे वडीलही उशिराच बोलले' या वाक्यात आणखी वर्ष जातं.

पोषक द्रव्यांबद्दल पुरावा दणकट आहे. गरोदरपणी आयोडीनची तीव्र कमतरता बाळाच्या बुद्धीला कायमचा धक्का देते. मिठातून आयोडीन ही सार्वजनिक आरोग्याची स्वस्त आणि यशस्वी उपाययोजना ठरली. लोहाबद्दल बेट्सी लोझॉफ यांनी कोस्टारिकातल्या मुलांचा तारुण्यापर्यंत पाठपुरावा केला. तान्हेपणी दीर्घकाळ लोहाची कमतरता राहिलेली मुलं, पुढे रक्त सुधारल्यावरही, चाचण्यांत मागेच राहिली. म्हणून इथे उपचारापेक्षा प्रतिबंध मोठा आहे. नाळ कापायला एक ते तीन मिनिटं थांबणं, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस त्यातलीच. तेवढ्या वेळात बाळाला नाळेतून पुढच्या काही महिन्यांचं लोह मिळून जातं.

महाराष्ट्राचं यातलं स्वतःचं योगदान पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला आणि त्यांची मुलं मोठी होईपर्यंत नोंदी ठेवल्या. आपल्याकडच्या शाकाहारी जेवणात ब-१२ जीवनसत्त्व किती कमी पडतं, हे त्यातून ठळकपणे पुढे आलं. गरोदरपणी ब-१२ कमी असलेल्या आयांची मुलं नऊ वर्षांच्या वयात लक्ष टिकवण्याच्या आणि अल्पकालीन स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली. हा संबंध आहे. कार्यकारणभाव पूर्ण सिद्ध झाला असं म्हणता येत नाही. पण ज्या राज्यात दूध पातळ करून पुरवलं जातं आणि अंड्यावरून शाळेच्या आहारात वाद होतात, तिथे हा धागा गांभीर्याने घ्यावा असाच आहे.

अडचण मोजमापात येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातली पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आहेत आणि महाराष्ट्रातली जवळपास ६९ टक्के. त्याआधी २०१६-१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात, शिरेतून रक्त घेऊन तपासलं असता, एक ते चार वयोगटात हेच प्रमाण सुमारे ४१ टक्के निघालं. बोट टोचून घेतलेल्या थेंबात चूक होते असं एका गटाचं म्हणणं आहे. वयोगट आणि वर्षं वेगळी असल्याने थेट तुलना करू नये, असं दुसऱ्याचं. खालचा आकडा धरला तरी पाचातली दोन मुलं होतात, आणि काम थांबवायला तो आधार होऊ शकत नाही.

आहार की सहवास

इथून पुढे मतभेद सुरू होतात. मुलाची वाढ खुंटली असेल तर आधी ताट भरावं की आधी त्याच्याशी खेळणारं माणूस द्यावं?

आहाराच्या बाजूचा भक्कम दाखला ग्वाटेमालाचा आहे. १९६९ ते १९७७ या काळात तिथल्या दोन खेड्यांत प्रथिनयुक्त पेज आणि दोन खेड्यांत साधं गोड पेय दिलं गेलं. पुढे मोठेपणी तपासलं तेव्हा तीन वर्षांच्या आत पेज मिळालेल्या पुरुषांची तासाची मजुरी सुमारे ४६ टक्क्यांनी जास्त होती. स्त्रियांमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही.

दुसऱ्या बाजूला जमैका आहे. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत वाढ खुंटलेली १२९ बाळं निवडली. काहींना पूरक दूध, काहींना खेळ आणि संवाद, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही, असे चार गट केले. खेळाच्या गटात वस्तीतलीच आरोग्य कार्यकर्ती आठवड्यातून एकदा तासभर घरी येई. तिच्या पिशवीत प्लॅस्टिकच्या बाटलीची झाकणं, कापडाची बाहुली, लाकडाचे ठोकळे, हाताने शिवलेलं चित्रांचं पुस्तक असे. ती बाळाशी स्वतः फार खेळायची नाही. आईला खाली बसवायची, झाकण बाटलीवर कसं बसवायचं ते आईकडूनच बाळाला दाखवायला लावायची, बाळाने केलेल्या आवाजाला आईने उत्तर दिलं की आईचं कौतुक करायची आणि ते खेळणं आठवडाभर तिथेच ठेवून जायची. दोन वर्षं हे चाललं. बावीस वर्षांच्या वयात या मुलांची कमाई, खेळ न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. फक्त दूध मिळालेल्यांमध्ये तेवढा टिकाऊ फरक आढळला नाही.

जमैकाच्या अभ्यासाने हा वाद मिटला, असं समर्थकांना वाटतं. टीकाकार म्हणतात, मुलं शंभराहून थोडी अधिक, कार्यकर्त्या अपवादात्मक, देखरेख काटेकोर. तोच नमुना मोठ्या प्रमाणावर राबवला तेव्हा निकाल संमिश्र आले. पाकिस्तानच्या सिंध प्रांतात सरकारी आरोग्य सेविकांमार्फत तो चांगला चालला. कोलंबियात सुरुवातीला फरक पडला, पण दोन वर्षांनी पाहिलं तर तो विरला होता. आपल्याकडे ओडिशातल्या कटकच्या झोपडपट्ट्यांत आणि नंतर तिथल्या खेड्यांत हे प्रयोग झाले. खेड्यांत घरोघरी जाण्याऐवजी आठ-दहा आयांचा गट एकत्र बसवला तरी परिणाम जवळपास तितकाच आला आणि खर्च बराच कमी लागला. महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी ही मोठ्या उपयोगाची गोष्ट आहे.

'हे की ते' असा प्रश्न करण्यात फार अर्थ नाही, असंच आता बहुतेकांचं मत होत आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २०१८ मध्ये मांडलेल्या चौकटीत आरोग्य, आहार, सुरक्षितता, प्रतिसाद देणारी माणसं आणि शिकण्याची संधी एकत्र ठेवली आहे. पैसा आणि माणसं मर्यादित असताना त्यातलं आधी काय करायचं, हा प्रश्न ती चौकट सोडवत नाही.

बालवाडीत काय व्हावं

बालवाडीच्या बाजूने सतत सांगितला जाणारा अभ्यास म्हणजे मिशिगनमधली पेरी बालशाळा. १९६० च्या दशकातली १२३ गरीब कृष्णवर्णीय मुलं, चिठ्ठ्या टाकून केलेले दोन गट आणि चाळिशीपर्यंतचा पाठपुरावा. अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांनी त्यावरून गुंतवणुकीचा परतावा दरसाल ७ ते १० टक्के काढला आणि जगभरच्या अर्थमंत्र्यांचं लक्ष या विषयाकडे वळलं. गंमत अशी की या मुलांच्या बुद्ध्यंकातली वाढ काही वर्षांत नाहीशी झाली. टिकलं ते शिक्षण पूर्ण करणं, नोकरी धरून राहणं, गुन्ह्यांपासून दूर राहणं. म्हणजे बालवाडीने बुद्धीपेक्षा स्वभावाला वळण दिलं असावं.

याच्या उलट टोकाला अमेरिकेतलंच टेनेसी राज्य आहे. तिथल्या सरकारी बालवाडीत प्रवेशासाठी अर्ज केलेल्या सुमारे ३ हजार मुलांचा अभ्यास झाला. २०२२ मध्ये सहावीपर्यंतचे निकाल आले, तेव्हा बालवाडीत गेलेली मुलं अभ्यासात आणि वर्तनात न गेलेल्यांपेक्षा मागे होती. एका राज्याच्या निकालावरून सगळ्या बालवाड्या वाईट ठरत नाहीत. पण बालवाडी असणं पुरेसं नाही, तिच्यात दिवसभर काय होतं ते महत्त्वाचं, हे त्यातून नक्की कळतं.

भारतात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानेही हेच सांगितलं. 'असर' केंद्र आणि दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठाने आसाम, राजस्थान आणि आंध्र-तेलंगणातल्या ग्रामीण भागातली सुमारे १४ हजार मुलं चार ते आठ वर्षांची होईपर्यंत पाहिली. पाचव्या वर्षी शाळेसाठी लागणारी तयारी बहुतेकांची झालेली नव्हती, ना अंगणवाडीत ना खासगी नर्सरीत. अंगणवाडीत शिकवणं फार कमी होतं. खासगी नर्सरीत ते फार होतं, पण पहिलीचा अभ्यास खाली ओढून आणलेला: ओळींत बसवणं, पाटीवर गिरवणं, पाठांतर.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा आदिवासी मुलं बालवाडीत येत नव्हती. घरचं धाकटं भावंड सांभाळायचं असे, गुरं असत, आणि त्या खोलीत आपलं काही आहे असंही त्यांना वाटत नसे. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली आणि अंगणवाडी झाली. आधी अंघोळी घातल्या, नखं कापली, पालापाचोळा, चिंचोके, शंखशिंपले घेऊन मोजायला लावलं. पुढे कोसबाडला हे काम रुजलं. १९७५ मध्ये केंद्राची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांतून सुरू झाली, आणि तिच्या केंद्रांना पुढे देशभर अंगणवाडी हेच नाव मिळालं. ताराबाईंचा भर इंद्रियांच्या अनुभवावर, हाताच्या कामावर आणि मुलाच्या घरच्या बोलीवर होता. आजचा मेंदूशास्त्राचा अभ्यासक त्यात फारशी दुरुस्ती सुचवणार नाही.

लवकर अक्षरओळख करून देणाऱ्यांचीही बाजू ऐकली पाहिजे. ज्या घरात पुस्तक नाही, त्या मुलाला बालवाडीत अक्षर दिसलं नाही तर ते पहिलीत कायमचं मागे पडेल, ही त्यांची भीती निराधार नाही. पुरावा सांगतो तो मधला रस्ता असा: गोष्टी, गाणी, यमक, ध्वनींचे खेळ आणि चित्रांची पुस्तकं तीन वर्षांपासून, लेखणी धरून गिरवणं मात्र मुलाचा हात तयार झाल्यावर.

घरातलं बोलणं, पडदा आणि गर्भसंस्कार

१९९५ मध्ये बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांनी अमेरिकेतल्या ४२ कुटुंबांच्या नोंदींवरून सांगितलं की चौथ्या वर्षापर्यंत गरीब घरातलं मूल सुखवस्तू घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकतं. हा आकडा फार गाजला. २०१८ मध्ये डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांनी तो पुन्हा तपासला, तेव्हा एवढी दरी आढळली नाही. आई सोडून घरातली इतर माणसं मुलाशी बोलतात, आणि आसपासचं बोलणंही मुलाच्या कानावर पडतं, हे आधीच्या मोजणीत धरलंच नव्हतं. आजी, काकू, शेजारची ताई यांच्या अंगाखांद्यावर मोठ्या होणाऱ्या मुलांसाठी ही दुरुस्ती महत्त्वाची आहे. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या अभ्यासात भाषेशी संबंधित मेंदूच्या भागाची सक्रियता ऐकलेल्या शब्दांच्या संख्येपेक्षा संवादाच्या फेऱ्यांशी अधिक जोडलेली दिसली. मूल काही म्हणतं, मोठं माणूस त्याला उत्तर देतं, मूल पुन्हा काही म्हणतं, ही झाली एक फेरी.

मोबाइलबद्दलचा पुरावा पालकांना वाटतो तेवढा एकमुखी नाही. बहुतेक अभ्यास फक्त सहसंबंध दाखवतात. ज्या घरात माणसांना वेळ नाही तिथे पडदा जास्त असतो, त्यामुळे नुकसान पडद्याने केलं की एकटेपणाने, हे वेगळं काढता येत नाही. दोन वर्षांखालची मुलं पडद्यावरून, समोरच्या माणसाच्या तुलनेत, फार कमी शिकतात, एवढं मात्र वारंवार दिसलं आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस दोन वर्षांपर्यंत पडदा अजिबात नको आणि दोन ते पाचपर्यंत मोठ्यांच्या सोबतीने दिवसाला फार तर तासभर, अशी आहे. परगावच्या आजोबांशी व्हिडिओ कॉल त्यात धरत नाहीत, कारण तिथे पलीकडचं माणूस उत्तर देतं.

गर्भसंस्कार हा तर आपल्याकडचा विषय. अभिमन्यूच्या कथेपासून वर्ग आणि पेटीबंद संचांपर्यंत त्याचा विस्तार झाला आहे. शेवटच्या तिमाहीत गर्भाला आवाज ऐकू येतो, आणि आईने रोज मोठ्याने वाचलेला उतारा जन्मलेलं बाळ ओळखतं, हे १९८६ च्या एका नेटक्या प्रयोगाने दाखवलं. पण विशिष्ट मंत्र किंवा रागाने बुद्धी वाढते, याला पुरावा नाही. या वर्गांमुळे आईला दोन घटका निवांतपणा आणि घरच्यांचं लक्ष मिळत असेल तर ते चांगलंच आहे. तेच पैसे हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि ब-१२ यांच्या तपासणीला कमी पडू नयेत, एवढं बघावं.

महाराष्ट्रात अडतं कुठे

राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. २००५ मध्ये औरंगाबादहून सुरू झालेल्या राजमाता जिजाऊ मिशननंतर दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपण ३९ टक्क्यांवरून २०१२ मध्ये २३ टक्क्यांवर आल्याचं सर्वेक्षणात आढळलं, आणि त्याची देशभर दखल घेतली गेली. नंतर गती मंदावली. पाच वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के.

अभ्यासक्रमाची उणीव नाही. आकार आहे, आधारशिला आहे, तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नवचेतना आहे. अडतं ते सेविकेच्या दिवसात. सकाळी ती केंद्र उघडते, हजेरी घेते, फोनवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये फोटोसह नोंद करते. मग गरम आहाराची व्यवस्था, घरपोच पाकिटांचं वाटप, वजनकाटा, दंडघेराची पट्टी, गरोदर मातांच्या भेटी, लसीकरणाचा दिवस, आणि वर सर्वेक्षणाची कामं. चार गोष्टी सांगायला, वीस मुलांपैकी गप्प बसलेल्या एकीला बोलतं करायला तिच्याकडे किती वेळ उरतो? तमिळनाडूत याच प्रश्नावर एक प्रयोग झाला. ६४० केंद्रांच्या अभ्यासात काही केंद्रांना फक्त शिकवण्यासाठी अर्धवेळची आणखी एक कार्यकर्ती दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, दीड वर्षात मुलांची गणित आणि भाषेतली प्रगती स्पष्ट दिसली, आणि मूळ सेविकेला आरोग्याच्या कामासाठी वेळ मिळाल्याने खुजेपणही घटलं.

आणि काही मुलं या व्यवस्थेच्या हातीच लागत नाहीत. दिवाळीनंतर बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तान्हं बाळ सोबत जातं आणि फडाच्या बांधावर, थोरल्या भावंडाच्या नजरेखाली, पाच-सहा महिने काढतं. गावच्या अंगणवाडीत त्याचं नाव असतं, मूल टोळीच्या झोपडीत, कोपीवर असतं. मेळघाटातल्या कोरकू मुलाला किंवा डहाणूतल्या वारली मुलाला केंद्रात भेटणारी भाषा घरची नसते, हाही असाच मागे राहिलेला प्रश्न.

कायदाही अर्धवट आहे. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचा हक्क मान्य केला होता. २००२ च्या घटनादुरुस्तीने तो सहा ते चौदापुरता केला आणि सहा वर्षांखालच्यांसाठी राज्याने प्रयत्न करावा एवढंच म्हटलं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही तीन ते सहाची तरतूद ऐच्छिक आहे. हा हक्क मूलभूत करावा की आधी गुणवत्ता सुधारावी, यावर शिक्षणक्षेत्रात दोन मतं आहेत. हक्काशिवाय पैसा येत नाही असं एक गट मानतो. हक्क दिला की पहिलीचाच अभ्यास तीन वर्षांच्या मुलावर लादला जाईल, अशी दुसऱ्याला भीती वाटते.

अजून न सुटलेलं

बालवाडीत दिसलेला फायदा प्राथमिक शाळेत का विरतो, याचं समाधानकारक उत्तर कोणाकडे नाही. दुबळी प्राथमिक शाळा हे एक कारण असू शकतं, पण सगळं त्यावर ढकलता येत नाही. वडिलांच्या सहभागाचा अभ्यास आपल्याकडे फारच थोडा झाला आहे. जवळपास सगळे कार्यक्रम आईशी बोलतात. शिसं, चुलीचा धूर आणि शहरातली हवा यांचा बालमेंदूवर होणारा परिणाम परदेशात मोजला गेला, इथल्या मुलांमध्ये त्याची नियमित तपासणी होत नाही.

सर्वांत मूलभूत उणीव मोजण्याची आहे. मुलाचं वजन आणि उंची राज्यातल्या प्रत्येक केंद्रात नोंदली जाते. ते बोलतं किती, हाक मारल्यावर वळतं का, दोन शब्द जोडतं का, याची नोंद अशी पद्धतशीर होत नाही. साधनं नाहीत असंही नाही. डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात भारतीय बाळांसाठी विकासाच्या चाचण्या काही दशकांपूर्वीच तयार केल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांसाठी सोपं साधन खुलं केलं.

पुराव्याचा कल पाहता राज्य सरकारकडे दोन मागण्या कराव्याशा वाटतात. तमिळनाडूसारखी शिकवण्यापुरती दुसरी कार्यकर्ती निवडक जिल्ह्यांत नेमावी आणि निकाल प्रामाणिकपणे मोजून जाहीर करावा. आणि गळीत हंगाम सुरू होण्याआधी साखर कारखान्यांच्या तळांवर ऊसतोड मजुरांच्या तीन वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघरं उघडावीत, कारण तिथलं बाळ आज कोणत्याच योजनेच्या यादीत प्रत्यक्ष हजर नसतं. पालकांना सांगायचं ते थोडं आहे. बाळ सहा महिन्यांचं झालं की वरचं खाणं आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाचे थेंब सुरू करा, ते आवाजाला वळत नसेल तर त्याच आठवड्यात कान तपासून घ्या, आणि ते जे काही बडबडतं त्याला घरातल्या प्रत्येकाने उत्तर द्या.